परकी वाटणारी कविता आणि आपला शेजारधर्म

कवितेचा नवा संग्रह किंवा आधुनिक चित्रकलेवरील एखादे पुस्तक वाचणे, ही श्रद्धावंत माणसाच्या दृष्टीने केवळ आवडीनिवडीची बाब आहे, की तिच्यात काही नैतिक आशयही आहे? प्रश्न प्रथमदर्शनी काहीसा वावगा वाटेल. ज्याला कविता आवडते त्याने ती वाचावी, ज्याला आवडत नाही त्याने दुसरे काही करावे; यात नीतीचा संबंध कोठून आला, असे कोणीही विचारील. कविता न वाचणे हे पाप आहे, असे आमचेही म्हणणे नाही. पापनिवेदनाच्या वेळी ‘फादर, यंदा एकही कवितासंग्रह वाचला नाही’ असे सांगणारा भाविक आम्हांला अद्याप भेटलेला नाही आणि भेटू नये हेच बरे.

तथापि आपल्या घरांतून नव्या कवितेला व नव्या चित्राला ज्या रीतीने निरोप दिला जातो, ती रीत विचार करण्यासारखी आहे. पुस्तक उघडायचे, दोन पाने चाळायची, ‘हे काही आपल्याला कळत नाही’, ‘यात सगळा काळोखच आहे’ किंवा ‘याने कोणाचे पोट भरते?’ यांपैकी एक वाक्य बोलायचे आणि पुस्तक मिटायचे. ही तीन वाक्ये आम्ही पुस्तकांविषयी जितक्या वेळा ऐकली, तितक्याच वेळा माणसांविषयीही ऐकली आहेत. म्हणूनच त्यांचा क्रमाने विचार करावा, असे मनात आले.

हा विचार यवतमाळ जिल्ह्यात बसून करण्यालाही कारण आहे. बाहेरच्या जगाला हा जिल्हा कापसासाठी आणि त्याहून अधिक शेतकऱ्यांच्या आत्महत्यांसाठी ठाऊक आहे. परंतु तो साहित्याला पारखा नाही. १९७३ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन यवतमाळला भरले, तेव्हा अध्यक्षपदी ग. दि. माडगूळकर होते. मराठी शायरीला स्वतःचा थाट देणारे भाऊसाहेब पाटणकर (१९०८–१९९७) याच शहरातले वकील. पुढे जानेवारी २०१९ मध्ये ९२वे संमेलन अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा येथेच भरले. उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण मागे घेतले गेल्यामुळे त्या संमेलनाभोवती मोठा वाद उठला, हे वाचकांना आठवत असेलच. अखेरीस उद्घाटन केले ते वैशाली येडे यांनी. त्या याच जिल्ह्यातल्या, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नी. लगेच पुढच्या वर्षी उस्मानाबादच्या, म्हणजे आजच्या धाराशिवच्या, ९३व्या संमेलनाचे अध्यक्षपद आपल्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषविले. २५ जुलै २०२४ रोजी ते प्रभुघरी गेले. एक शेतकरी-विधवा आणि एक कॅथलिक धर्मगुरू लागोपाठच्या दोन वर्षी मराठी सारस्वताच्या व्यासपीठावर मध्यभागी उभे राहिले, ही घटना लहान नव्हे. मराठी साहित्याने आपल्याला आपल्या घरात घेतले. आपण त्याला आपल्या घरात कितपत घेतले आहे?

आता पहिले वाक्य : ‘हे आपल्याला कळत नाही.’ पाटणकरांचा शेर मैफलीत ऐकताक्षणी कळतो. श्रोता आधी हसतो आणि घरी जाताना अंतर्मुख होतो. माडगूळकरांची गीते तर आकाशवाणीने घरोघरी पोहोचविली. त्या गोड सवयीनंतर नवी कविता हाती आली की ती आडमुठी वाटते, हे स्वाभाविक आहे. पण कविता ऐकताक्षणी कळलीच पाहिजे, हा नियम कोणी केला? भारतीय काव्यशास्त्राने रसिकाला ‘सहृदय’ म्हटले आणि अभिनवगुप्ताने त्याचे लक्षण सांगताना काव्याच्या सततच्या परिशीलनाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे, अशा माणसाची कल्पना केली. आरसा पुसायचे काम वाचकाचे आहे. बा. सी. मर्ढेकरांचा ‘काही कविता’ हा संग्रह १९४७ साली निघाला, तेव्हा भल्याभल्यांना तो दुर्बोध वाटला. वास्तविक मर्ढेकरांनी संतांच्याच ओवी-अभंगाच्या वळणात यंत्रयुगातील माणसाची तडफड सांगितली होती. घाट ओळखीचा, आशय अनोळखी. आणि आपण मात्र सगळेच परके समजलो.

चित्रांच्या बाबतीत ही अडचण अधिकच जाणवते. वासुदेव गायतोंडे यांचा जन्म १९२४ साली आपल्या नागपूरचा. त्यांच्या प्रौढ काळातील चित्रांत माणूस नाही, झाड नाही, घर नाही. पुष्कळशा चित्रांना नावही नाही. रंगाचे थर आणि त्यांतून उमटणारा मंद प्रकाश एवढेच. २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन झाले. अशा चित्रासमोर उभे राहून ‘हे कशाचे चित्र आहे?’ असे आपण विचारतो. सूर्यास्ताला किंवा सतारीच्या आलापाला हा प्रश्न आपण कधी विचारत नाही. प्रभाकर बरवे यांचे ‘कोरा कॅनव्हास’ हे १९९० साली प्रसिद्ध झालेले पुस्तक ज्यांनी वाचले असेल, त्यांना चित्रकार एखाद्या साध्या वस्तूकडे किती वेळ आणि किती परींनी पाहत राहतो, याची कल्पना येईल. अशा पुस्तकाचा उपयोग चित्राचा ‘अर्थ’ सांगण्यात नाही. पाहण्याची घाई कमी करण्यात आहे.

आमच्या कॅथलिक वाचकांना या बाबतीत एक गोष्ट सहज पटावी. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेपूर्वी आपल्या आजी-आजोबांनी लॅटिन भाषेतील मिस्सेला आयुष्यभर हजेरी लावली. त्यांना एकेका शब्दाचा अर्थ सांगता आला नसता. परंतु ‘हे आपले नव्हे’ असे म्हणून ते उठून गेले नाहीत. न कळणे आणि परके असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना उमजले होते. अर्थात मिस्सेला जो विश्वास आपण देतो, तो प्रत्येक कवीला द्यावा असे कोणी म्हणणार नाही. पण काही काळ थांबण्याइतकी सबुरी कोणत्याही प्रामाणिक शब्दाला द्यायला काय हरकत आहे? अनोळखी पाहुण्याला दारातच ‘आपले काम काय?’ असे न विचारता आधी पाणी देण्याची आपली रीत आहे. तीच रीत पुस्तकालाही लावावी.

दुसरे वाक्य अधिक गंभीर आहे : ‘यात सगळा काळोख आणि कुरूपता आहे.’ हा आक्षेप निराधार नाही. मर्ढेकरांच्या त्या संग्रहातील कवितांवर अश्लीलतेचा खटला झाला होता. पुढे ते निर्दोष ठरले. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ साली आला, तेव्हा त्यातील मुंबईच्या वेश्यावस्तीची भाषा सुसंस्कृत घरांना सोसवली नाही. अरुण कोलटकर हे कवी आणि दृश्यकलेतही तितकेच मुरलेले. त्यांनी २००३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘भिजकी वही’त देशोदेशींच्या आणि युगायुगांच्या स्त्रियांचे अश्रू गोळा केले, आयसिस, कॅसँड्रा, हायपेशिया यांच्यापासून थेट आपल्या काळापर्यंत. एवढे रडणे कशासाठी वाचायचे? धर्माने तर आपल्याला आनंदाची वार्ता दिली आहे.

येथे आम्हांला प्रथम संत थॉमस अक्वायनस यांचे स्मरण होते. सौंदर्याची पूर्णता, प्रमाणबद्धता आणि तेज ही तीन लक्षणे त्यांनी सांगितली, ती सेमिनरीत सर्वांनाच पाठ असतात. परंतु त्याच ठिकाणी ते आणखी एक गोष्ट सांगतात, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. एखादी प्रतिमा कुरूप वस्तूचीही असेल, पण तिने त्या वस्तूचे यथार्थ दर्शन घडविले, तर ती प्रतिमा सुंदरच म्हणावी, असा त्यांचा अभिप्राय आहे. म्हणजे सौंदर्य हे विषयाच्या गोडव्यात नसून सत्याशी असलेल्या इमानात आहे. भरतमुनींनीही करुण, भयानक आणि बीभत्स यांना रसांच्या पंगतीतून उठविले नव्हते.

आणि आपल्या पवित्र शास्त्राचे काय? यशया संदेष्टा प्रभूच्या सेवकाचे जे चित्र रेखाटतो, त्यात रूप नाही, देखणेपण नाही. लोक तोंड फिरवतील असे ते मुख आहे. ईयोबाच्या तोंडी जी भाषा आहे, ती आजच्या एखाद्या कवीने वापरली तर आपण त्याला श्रद्धाहीन म्हणू. पण सर्वांत मोठा पुरावा आम्ही प्रत्येक शुक्रवारी रात्री स्वतःच्या ओठांनी देत असतो. दैनिक प्रार्थनाविधीत शुक्रवारच्या निद्रापूर्व प्रार्थनेला ८८वे स्तोत्र नेमलेले आहे. बहुतेक शोकस्तोत्रे शेवटी कोठे तरी स्तुतीकडे वळतात. हे एक स्तोत्र वळत नाही. ते काळोखात सुरू होते आणि काळोखातच संपते. ख्रिस्तसभेने ते गाळले नाही, त्याला गोड शेवट जोडला नाही. तिने ते आपल्या धर्मगुरूंच्या व व्रतस्थांच्या ओठी दिले आणि मग दिवा मालवायला सांगितले. या गोष्टीचा अर्थ काय? त्या रात्री जगात कोणी तरी असा आहेच, ज्याच्यासाठी दुसरे शब्द खरे नाहीत. आणि त्याचे शब्द आपल्या मुखाने उच्चारणे हीही प्रार्थना आहे. ज्या परंपरेने ८८वे स्तोत्र जपले, तिने काळोखाच्या कवितेला भिण्याचे कारण नाही.

चित्रकलेत आपली परीक्षा याहून कठीण झाली आहे आणि आपण तीत नेहमीच उत्तीर्ण झालो, असे म्हणता येणार नाही. गोव्याचे अँजेलो दा फोन्सेका (१९०२–१९६७) हे शांतिनिकेतनच्या परंपरेत तयार झालेले चित्रकार. त्यांनी पवित्र मरियेला साडी नेसवून आपल्या मातीतील माता म्हणून रंगविले, तेव्हा त्यांच्यावर टीका झाली ती आपल्याच धर्मबांधवांकडून. त्यांचे पुढील आयुष्य पुण्यात, ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमाच्या सहवासात गेले. आज त्यांची चित्रे पर्वरी येथील झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आदराने जतन केलेली आहेत. सालिगावचे फ्रान्सिस न्यूटन सूझा (१९२४–२००२) यांचा मार्ग निराळा होता. बालपणीच्या श्रद्धेशी त्यांनी जन्मभर भांडण केले. पण १९५९ साली त्यांनी काढलेल्या क्रूसावरच्या ख्रिस्ताकडे पाहावे. लंडनच्या टेट संग्रहात असलेल्या त्या चित्रातील काळवंडलेला, काटेरी रेषांचा देह पाहणाऱ्याचा पिच्छा सोडत नाही. दिनदर्शिकेवरचा गुलाबी गालांचा येशू आपण रोज पाहतो आणि रोज विसरतो. फ्रान्समधील आसी येथे, क्षयरोग्यांच्या आरोग्यधामांच्या परिसरातील चर्चसाठी जर्मेन रिशिए यांनी घडविलेली क्रूसमूर्ती १९५१ साली तेथील महागुरुस्वामींच्या आज्ञेने वेदीवरून काढण्यात आली. पुढे १९६९ साली ती पुन्हा वेदीवर आली. मूर्ती तीच होती; पाहणाऱ्यांची दृष्टी बदलली होती.

याचा अर्थ जे जे काळे ते ते खरे, असा कोणी घेऊ नये. केवळ धक्का देण्यासाठी लिहिणारे आणि दुःखाचा बाजार मांडणारे कवी आजही आहेत. त्यांना ओळखणे हाही रसिकतेचाच भाग आहे. आमची कसोटी साधी आहे. या कवितेने माणसाला अधिक जवळ आणले, की त्याला तमाशाची वस्तू केले? वाचून झाल्यावर ज्याच्याविषयी लिहिले आहे त्याच्यासमोर ती मोठ्याने वाचता येईल काय? ‘गोलपिठा’तील वस्तीची माणसे त्या पानांवर माणसे म्हणूनच उभी आहेत; म्हणून त्यातील शिवराळ भाषाही आमच्या मते अनेक गुळगुळीत भक्तिगीतांपेक्षा शुभवर्तमानाला अधिक जवळची आहे. लहान मुलांच्या हाती ते पुस्तक देऊ नये, हे आईबापांना आम्ही सांगायला नको. प्रत्येक अन्नाला वय असते.

ख्रिस्तसभेची अधिकृत भूमिकाही हीच आहे. ७ मे १९६४ रोजी पोप सहावे पॉल यांनी सिस्टीन चॅपेलमध्ये कलावंतांना बोलावून त्यांच्यावर लादलेल्या जाचक बंधनांबद्दल क्षमा मागितली. १९७३ साली त्यांनीच व्हॅटिकन संग्रहालयात आधुनिक धार्मिक कलेचे दालन उघडले. संत दुसरे जॉन पॉल यांनी १९९९च्या ईस्टरला कलावंतांना पत्र लिहिले. तारुण्यात शाळेत साहित्य शिकविलेल्या पोप फ्रान्सिस यांनी १७ जुलै २०२४ रोजी साहित्यवाचनाच्या महत्त्वाविषयी एक स्वतंत्र पत्र लिहिले. धर्मगुरूंच्या घडणीसाठी योजलेला तो विषय त्यांनी सर्वच ख्रिस्ती माणसांसाठी खुला केला. वाचन म्हणजे दुसऱ्या माणसाचा आवाज ऐकण्याची साधना, हे त्या पत्राचे सार आहे.

आता तिसरे वाक्य, आणि तेच सर्वांत कठीण : ‘याने कोणाचे पोट भरते?’ ज्या जिल्ह्यात २०१७ साली पऱ्हाटीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, ज्या वर्षी उरलेल्या बोंडांत गुलाबी अळी निघाली, तेथे कवितासंग्रहाची चर्चा करणे ही चैन नव्हे काय? या प्रश्नाला चटकन उत्तर देणारा माणूस आम्हांला विश्वासार्ह वाटत नाही. कवितेने कर्ज फिटत नाही, हे सत्य आहे. कविता वाचल्याने आत्महत्या थांबतात, असे म्हणणे तर दुःखी कुटुंबांची थट्टा ठरेल.

संत अगस्तीन यांनी आपल्या आत्मनिवेदनात यापुढची गोष्ट सांगितली आहे. विद्यार्थिदशेत काव्यातील डायडोच्या मरणासाठी आपण अश्रू ढाळले, पण स्वतःच्या आत्म्याच्या मरणाकडे कोरड्या डोळ्यांनी पाहिले, याची त्यांना खंत वाटते. नाटकातील दुःख पाहून रडणारा प्रेक्षक कोणाच्याही मदतीला धावत नाही, केवळ रडण्याचा आनंद घेतो, असेही ते बजावतात. हा इशारा आजच्या रसिकाला अगदी नेमका लागू पडतो. शेतकऱ्यावरची कविता ऐकून सभागृहात डोळे पुसणारा माणूस दुसऱ्या दिवशी कापूस वेचणाऱ्या बाईशी किलोमागे एका रुपयासाठी घासाघीस करीत असेल, तर त्याच्या अश्रूंची किंमत किती? कविता त्याला चांगला करू शकली नाही एवढेच नव्हे, तर आपण चांगले आहोत असे त्याला तिने खोटेच पटविले. वाचनाचा हा धोका न वाचण्याच्या धोक्यापेक्षा मोठा आहे.

तरीही आम्ही कवितेची बाजू सोडत नाही. दुःखाला भाकर लागते, तसेच त्याला कानही लागतात. मृत्यूनंतर अहवाल लिहिले जातात, रक्कम मंजूर होते किंवा नामंजूर होते. पण मृत्यूपूर्वी त्या घरात जे मौन पसरलेले असते, त्याची नोंद सातबाऱ्यावर नसते. त्या मौनाची भाषा ओळखायला कान शिकवावा लागतो. वऱ्हाडीत, गोंडीत, कोलामीत किंवा बंजारा तांड्याच्या बोलीत बोलणारा माणूस आपले दुःख व्याकरणशुद्ध वाक्यांत सांगत नाही. तो अर्धे बोलतो, थांबतो, विषय बदलतो, कधी हसतो. नवी कविता नेमकी अशीच बोलते. तिच्या तुटक ओळीपाशी थांबायला जो शिकला, तो माणसाच्या तुटक वाक्यापाशीही थांबण्याची शक्यता अधिक. शक्यता, एवढेच आम्ही म्हणतो, खात्री नाही.

एका घरातील प्रसंग येथे सांगणे अप्रस्तुत होणार नाही. आपल्या मुलाची वही एका मातेच्या हाती लागली. तीत कविता होत्या : विहीर, दोर, रात्र, बंद दार. ती वही घेऊन ती आमच्याकडे आली आणि म्हणाली, ‘फादर, ह्याला काही समजावून सांगा. असं लिवू नये म्हणा.’ आम्ही म्हटले, ‘बाई, त्याला समजावण्याआधी त्याच्याकडून एक कविता वाचून घ्या. तुम्ही दोघांनीही बसून ऐका. मधे बोलू नका.’ पुढील रविवारी आईबापांनी तसे केले. मुलगा वाचायला लागला आणि तिसऱ्या कवितेपाशी थांबून वसतिगृहात आपल्याला काय सोसावे लागले ते सांगू लागला. ते त्याने वर्षभर कोणालाही सांगितले नव्हते. नंतर त्याला डॉक्टरांकडेही न्यावे लागले, शिक्षणाची जागाही बदलावी लागली. ती कामे कवितेने केली नाहीत. परंतु दार उघडले ते कवितेने. आणि त्यासाठी आईबापांना तिचे रसग्रहण करता येण्याची गरज नव्हती, फक्त ती न कळत असतानाही ऐकून घेण्याची तयारी हवी होती.

चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात याजक आणि लेवी दोघेही जखमी माणसाला पाहतात. न पाहिल्याचा आरोप त्यांच्यावर नाही. पाहून ते बाजूने निघून जातात. शोमरोनी जवळ जातो. रसग्रहण या शब्दाचा आम्हांला भावलेला अर्थ हाच : पाहून बाजूने न जाता जवळ जाणे. मात्र शोमरोनी जखमेकडे पाहत बसला नाही, त्याने तेल व द्राक्षारस ओतला, खर्चाचे पैसेही दिले. जवळ जाणे ही सुरुवात आहे, शेवट नव्हे.

म्हणून आमच्या कुटुंबांना एवढेच सुचवावेसे वाटते. वर्षाकाठी एक तरी नवा कवितासंग्रह विकत घ्यावा. वसंत आबाजी डहाके यांचे साहित्य अकादमी पुरस्कारप्राप्त ‘चित्रलिपी’ घ्यावे, श्रीकांत देशमुखांचे ‘बोलावे ते आम्ही’ घ्यावे, किंवा आपल्याच तालुक्यातील एखाद्या नवख्या कवीचे स्वखर्चाने छापलेले पुस्तक घ्यावे. जपमाळेनंतर आठवड्यातून एकदा त्यातील एक कविता घरात मोठ्याने वाचावी. अर्थ विचारण्याची घाई करू नये. प्रायश्चित्तकाळात धर्मग्रामाच्या सभागृहात फोन्सेकांच्या आणि सूझांच्या चित्रांच्या प्रती लावून दहा मिनिटे त्यांच्यासमोर मौन पाळावे. आवडले नाही तर तसे खुशाल म्हणावे. पण पाहून झाल्यावर म्हणावे.

कविता न वाचणे हे पाप नाही, हे आम्ही आरंभीच मान्य केले आहे. पण ‘कळत नाही’, ‘काळोख आहे’, ‘उपयोग नाही’ असे म्हणत जवळ न जाता निघून जाण्याची सवय जडली, तर ती पुस्तकापाशी थांबत नाही. ती शेजारच्या दारापर्यंत, आणि कधी कधी आपल्याच घरातील आतल्या खोलीपर्यंत पोहोचते.